चटणी रंगाचा जिना

जुळे सोलापुरातल्या आमच्या गल्लीत हल्ली पत्ता सांगताना घराचा नंबर लागत नाही. चटणीच्या जिन्याजवळ म्हटलं की रिक्षावाला बरोबर आणून सोडतो. हा जिना आमच्या समोरच्या घराचा, बाहेरच्या अंगाने वर जाणारा. त्याला तो रंग देणाऱ्या बजाबाई सकाळच्या उन्हात बहुतेक त्याच्या पहिल्या पायरीवर बसलेल्या असतात. लांबून आलेला एखादा पाहुणा जिन्याकडे बघून थबकला तर त्या आपणहून सांगतात, "शेंगाचटणी न्हवं ती. रंग हाय."

बजाबाईंचं माहेर मंद्रूपचं. नवरा आबासाहेब एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होता. त्यांनी हा प्लॉट घेतला तेव्हा गल्ली नव्हतीच. बाभळी होत्या, खडक होता, आणि दगड उचलला की विंचू निघायचा. घर बांधताना स्लॅबला पाणी मारायचं काम बजाबाईंकडे होतं. घागर डोक्यावर घेऊन त्या शिडीने वर जायच्या आणि स्लॅबवर बांधलेल्या मातीच्या आळ्यांत पाणी ओतून खाली यायच्या. धाकटा तेव्हा पोटात होता. ही गोष्ट त्या पराक्रम म्हणून सांगत नाहीत. कुणी गुडघ्यांची चौकशी केली तरच सांगतात.

पुढची कितीतरी वर्षं घराला चुनाच लागायचा, आणि तोही बजाबाई स्वतः लावायच्या. दसऱ्याच्या आधी अंगणात पत्र्याचं पीप यायचं. त्यात कळीचा चुना विरू लागला की पाणी खदखदायचं, पोरांना लांब उभं करावं लागायचं. मग मीठ, डिंकाचं पाणी आणि चिमूटभर नीळ. कासोटा खोचून, कुंचा घेऊन त्या शिडीवर चढायच्या. त्यांचा एकच नियम होता, आणि तो मी लहानपणापासून ऐकलेला आहे. सगळा रंग एकाच पिपात कालवायचा. दोन पिपांत कालवला की भिंतीला दोन तोंडं येतात.

आबासाहेब जायच्या आधी वरचा मजला झाला. वाटणी त्यांनी तोंडीच करून ठेवली होती. वर थोरला भीमाशंकर, खाली धाकटा पृथ्वीराज. जिना, अंगण आणि फाटक आईचं, ती आहे तोवर. भीमाशंकर जिल्हा परिषदेत आहे. पृथ्वीराज औषधांच्या कंपनीत प्रतिनिधी आहे आणि दिवसभर मोटारसायकलवर असतो. बजाबाई खाली राहतात. सकाळचं जेवण धाकट्या सुनेच्या, ऋतुजाच्या हातचं. रात्रीची भाकरी थोरली सून शालन वरून ताटलीत झाकून आणून देते. दोन्ही सुना एकमेकींशी बोलतात. भाऊ बोलत नाहीत.

त्याचं कारण पाणी. सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही. ज्या दिवशी येतं त्या दिवशी सगळ्या गल्लीत मोटारींचा आवाज असतो आणि कुणी कुणाशी धड बोलत नाही. अशाच एका दिवशी भीमाशंकरने मोटार चालू केली आणि तो ऑफिसात निघून गेला. गच्चीवरची टाकी भरून वाहू लागली. ते पाणी पृथ्वीराजच्या दर्शनी भिंतीवरून दुपारपर्यंत वाहत होतं. नंतर तिथे ओल आली, रंगाचे पोपडे निघाले, आणि खिडकीच्या वर एखाद्या जिल्ह्याच्या नकाशासारखा डाग पडला. संध्याकाळी पृथ्वीराज म्हणाला, "दादा, टाकी तरी बघायची." भीमाशंकर म्हणाला, "वरचं पाणी खालीच जाणार. वर थोडंच चढतंय?" म्हणायला तो विनोद होता. पृथ्वीराजला तो विनोद वाटला नाही. तेव्हापासून अबोला.

या अबोल्याला बजाबाई घाबरत होत्या ते भांडणामुळे नव्हे. मंद्रूपला त्यांच्या दोन भावांच्या रानांमध्ये एक बांध आहे. दर पेरणीला तो इकडून थोडा, तिकडून थोडा कोरला जातो. ते दोघे एकमेकांच्या मुलांच्या लग्नालाही गेले नाहीत. "सुरवात अशीच झाल्ती," बजाबाई मला एकदा म्हणाल्या. "बोलणं बंद झालं की मानसाचं लक्ष बांधावर जातंय."

यंदा पावसाळा सरल्यावर भीमाशंकरने घर बाहेरून रंगवायचं ठरवलं. घर म्हणजे वरचा मजला. त्याने मल्लिनाथ पेंटरला बोलावलं. मल्लिनाथ अक्कलकोटच्या पुढचा, घरात कन्नड बोलणारा. तीन-चार माणसं घेऊन तो बाहेरच्या रंगाची कामं करतो. परांचीचे बांबू खालून वर बांधत न्यावे लागतात, म्हणून ते पृथ्वीराजच्या खिडकीसमोर उभे राहिले. पृथ्वीराज बाहेर आला, बांबूंकडे बघत उभा राहिला, आणि मल्लिनाथला म्हणाला, "आता बांधलीच आहे तर खालचं पण करून टाका. पण रंग माझा मी सांगणार."

ते ऐकल्यावर बजाबाई फाटक उघडून आमच्याकडे आल्या. हातात मल्लिनाथचं रंगांचं कार्ड होतं.

"पोरी, ह्यात दोगांला बी आवडंल असा कुटला हाय गं?"

मी एक सायीसारखा रंग दाखवला. सोलापूरच्या उन्हात बरा दिसेल म्हटलं. त्यांनी त्या चौकोनावर अंगठा ठेवला आणि तो तसाच दाबून धरून त्या परत गेल्या. रात्री भाकरी घेऊन शालन आली तेव्हा कार्ड तिच्याबरोबर वर गेलं. थोड्या वेळाने खाली आलं. भीमाशंकरचं उत्तर होतं, "मला विटकरी हवाय. त्याला सांग, विटकरी लावत असशील तर एकच लावू." पृथ्वीराजचं उत्तर घरातल्या घरातच मिळालं. "राखाडी. आता सगळीकडे राखाडीच चालतो. विटकरी काय, वीटभट्टी आहे का?"

"आरं, ह्यो सायीचा बगा की," बजाबाई म्हणाल्या.

"आई, तो रंग म्हणजे काहीच नाही. तो लावला न लावला सारखाच."

बजाबाईंनी कार्ड मिटून ठेवलं. त्यांना मागायची सवय नाही. दुसऱ्या दिवशी कार्ड पेंटरला परत गेलं.

रंगकामाची रीत वरून खाली यायची. आधी गच्चीचा कठडा, मग वरचा मजला, मग छज्जे, मग खालचा. त्यामुळे बरेच दिवस वरच्या मजल्याचं सगळं खालच्या मजल्यावर पडत राहिलं. आधी खरवडलेल्या जुन्या रंगाचा भुगा, मग प्रायमरचे पांढरे थेंब, मग विटकरी. मल्लिनाथने खालच्या खिडक्यांवर प्लास्टिक बांधलं होतं, पण वाऱ्याने ते फडफडायचं.

"वरच्या साहेबांना सांगा," पृथ्वीराज म्हणायचा, "त्यांचा रंग माझ्या गाडीवर पडलाय."

मल्लिनाथ मान वर करून ओरडायचा, "भीमाशंकर साहेब, खालच्या साहेबांच्या गाडीवर रंग पडलाय म्हणे!"

वरून आवाज यायचा, "गाडी बाहेर लाव म्हणावं!"

"गाडी बाहेर लावा म्हणतात साहेब."

हे सगळं पृथ्वीराजला पहिल्याच वेळी ऐकू आलेलं असायचं. तरी तो मल्लिनाथचं ऐकून घ्यायचा आणि मगच उत्तर द्यायचा. एकदा मल्लिनाथ परांचीवर बसून विडी पेटवत माझ्या आईला म्हणाला, "ताई, मला ह्यांनी पेंटर म्हणून बोलवलंय का पोस्टमन म्हणून, तेच कळेना झालंय बघा."

वरचा मजला विटकरी होऊन वाळला त्या दिवशी मल्लिनाथने सूत काढलं. दोरा गेरूच्या पाण्यात भिजवला. एका टोकाला तो स्वतः, दुसऱ्या टोकाला त्याचा माणूस. स्लॅबच्या कडेला दोरा ताणून धरला, मधून चिमटीत धरून ओढला आणि सोडला. भिंतीवर लाल रेघ उठली, घराच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत. बजाबाई अंगणात तूर निवडत होत्या.

"ही रेघ कशाची रं, मल्लिनाथ?"

"अव्वा, हितनं वर दादांचा, हितनं खाली भाऊंचा." कन्नडमध्ये आईला अव्वा म्हणतात, आणि मल्लिनाथ सगळ्याच म्हाताऱ्यांना अव्वा म्हणतो.

"म्हंजी बांधच घातला की भितीला."

"बांध म्हणा की." तो हसला. "कुणी कोरला नाही म्हणजे झालं."

बजाबाई हसल्या नाहीत. सूप मांडीवरून खाली ठेवून त्या बराच वेळ त्या रेघेकडे बघत राहिल्या. मग त्यांनी सूप उचललं आणि त्या घरात गेल्या.

खालचा मजला राखाडी झाला. रेघ राखाडीच्या खाली बुजली, पण जिथे विटकरी संपून राखाडी सुरू होत होता तिथे ती आधीपेक्षा ठळक दिसू लागली. रस्त्याने जाणारे थांबून बघायचे. गल्लीतले लोक वाईट नाहीत. पण त्यांना डोळे आहेत. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात कुणीतरी म्हणालं, "वेगळे झाले वाटतं आबासाहेबांचे." बजाबाई तिथेच गूळ घेत होत्या. "घर एकच हाय," त्या म्हणाल्या. दुकानदाराने गूळ बांधून दिला.

आता राहिला जिना. तो दोन्ही मजल्यांना लागून होता, खाली राखाडीला, वर विटकरीला, आणि मधल्या वळणावर कुणालाच नाही. त्याला कुठला रंग द्यायचा हे मल्लिनाथला कुणी सांगितलं नव्हतं. त्याने वर जाऊन विचारलं.

"जिना सामाईक आहे," भीमाशंकर म्हणाला. "खाली विचार."

त्याने खाली येऊन विचारलं.

"जिना वरच्यांनाच लागतो," पृथ्वीराज म्हणाला. "मी कधी चढतो? वर विचारा."

दोघेही आपापल्या कामाला निघून गेले. मल्लिनाथ पहिल्या पायरीवर बसला. परांची सोडून न्यायची होती, पुढचं काम विजापूर रोडला ठरलेलं होतं. बजाबाई चहा घेऊन आल्या.

"काय झालं रं?"

"जिन्याला मालक मिळेना अव्वा."

"मालक मी हाय की," बजाबाई म्हणाल्या. "आबासायेबांनी जिना मला दिलाय. जिना, फाटक अन् आंगण."

मल्लिनाथने कप खाली ठेवला. "मग सांगा. कुठला लावू?"

जिन्याच्या खाली रंगाचे डबे होते. बजाबाईंनी वाकून झाकणं उघडून पाहिली. विटकरी उरला होता, राखाडीही उरला होता.

"पीप कुटं हाय तुजं?"

"पीप कशाला?"

"दोनी रंग एका पिपात वत."

मल्लिनाथ उभाच राहिला. "अव्वा, असं करत नाहीत. काय रंग होईल त्याचा, देवालाच माहीत."

"व्हईल की कायतरी. वत."

"साहेब लोक मला सोडणार नाहीत."

"त्यांनीच एकमेकांला सोडलंय, तुला काय धरतील? मी हाय न्हवं हितं. वत."

त्याने पीप आणलं आणि ओतलं. बजाबाईंनी बाजूची काठी घेतली आणि दोन्ही हातांनी ढवळायला लागल्या. मी आमच्या गच्चीवर कपडे वाळत घालत होते. वरून ते पीप दिसत होतं. आधी विटकरीत राखाडीचे पट्टे फिरले, मग ते बारीक झाले, मग कुठला कोणता ते दिसेनासं झालं. बजाबाईंनी काठी वर काढली, रंगाची धार बघितली आणि जिन्याच्या भिंतीवर कुंच्याने एक हात मारायला सांगितला. ओला रंग गुलाबीकडे झुकणारा होता. वाईट दिसत नव्हता.

"बरा हाय की," बजाबाई म्हणाल्या. "वाळला की अजून उजळंल."

मल्लिनाथने त्यांच्याकडे बघितलं. त्याला काहीतरी म्हणायचं होतं असं वाटलं, पण परांची सोडायची होती आणि ऊन चढत होतं. त्याने रंग लावायला घेतला.

बजाबाईंचा हिशेब चुन्याचा होता. चुना ओला असताना भिंत मळकट दिसते. वाळत जाईल तशी पांढरी होते. आयुष्यभर त्यांनी हेच बघितलेलं. हा रंग उलटा होता. दुपारपर्यंत जिना गडद झाला. संध्याकाळी तो पूर्ण वाळला तेव्हा त्याचा रंग शेंगाचटणीचा झाला होता; तिखट जरा जास्त पडलेली, खलबत्त्यात कुटलेली चटणी. वर विटकरी, खाली राखाडी आणि मधून ही चटणी चढत गेलेली. शेजारच्या पोरांनी सगळ्यात आधी ते नाव ठेवलं. मोठ्यांनी फक्त ते उचललं.

भीमाशंकर स्कूटर घेऊन आला आणि फाटकाबाहेरच थांबला. त्याच्या मागून लगेच पृथ्वीराजची मोटारसायकल आली. आत जायला वाट नव्हती, म्हणून तोही थांबला. दोघेही हेल्मेट हातात घेऊन रस्त्यात उभे राहिले.

"हा कुठला रंग?" भीमाशंकर म्हणाला. कुणाला म्हणाला ते स्पष्ट नव्हतं.

"मला काय विचारतोस? तूच सांगितला असणार."

"मी? मी असला रंग सांगेन?"

"विटकरी तूच सांगितलास की!"

"विटकरी हा असा असतो का? डोळे बघ जरा तपासून. हा तुझ्या राखेनं नासवलाय."

"दादा, राखाडीत चटणी नसते."

शालन वरच्या कठड्यावर आली होती, ऋतुजा खालच्या दारात. दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि ऋतुजाने तोंडावर पदर घेतला. मल्लिनाथ बांबूंचा भारा ट्रॉलीवर टाकत होता. त्याने बोटाने पायरीकडे दाखवलं.

"अव्वांनी सांगितलं साहेब. जिना त्यांचा आहे म्हणे."

बजाबाई पायरीवर बसल्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर अपराधी भाव होता. रंग असा व्हावा असं त्यांना वाटलं नव्हतं, आणि तो वाळत असताना त्या दुपारभर त्याच्यासमोर बसून होत्या.

"आई, हे काय केलंस?" भीमाशंकर म्हणाला.

"एका पिपात कालवला."

"अगं, पण..." पृथ्वीराज पुढे आला. "हा बदलावा लागेल. दादा, उद्याच बदलून घेऊ."

"घेऊच. गल्लीत काय तोंड दाखवायचं?"

"मल्लिनाथ, उद्या या. राखाडी लावा."

"राखाडी का? जिना वर जातो. विटकरी लावा."

"जिना सुरू कुठून होतो? खालून. जिथून सुरू होतो तिथला रंग लागतो."

"हे कुठल्या कायद्यात लिहिलंय?"

मल्लिनाथ भारा खांद्यावर तसाच धरून एकदा इकडे, एकदा तिकडे बघत होता. सवयीने तो निरोप पोचवायला तोंड उघडायचा, पण या वेळी दोघांच्या मध्ये त्याला जागाच मिळत नव्हती. बजाबाई ऐकत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरचा अपराधी भाव हळूहळू कमी होत गेला. मग त्यांनी कठड्याला धरून उभं राहायचा प्रयत्न केला. फाटकापलीकडूनच दोघांचेही हात पुढे आले. त्या दारातून पुढे आलेल्या ऋतुजाचा आधार घेऊन उठल्या.

"बदला की," त्या म्हणाल्या. "मी कुटं न्हाई म्हनते? पर तुमी दोगांनी मिळून एक रंग सांगायचा. दोगांनी. एका तोंडानं. तवर ह्यो ऱ्हाईल."

"आई, दिवाळी आलीय!"

"मग लौकर ठरवा की."

त्या घरात गेल्या. मल्लिनाथनेही भारा ट्रॉलीवर टाकला आणि तो निघाला. भाऊ रस्त्यात उभेच होते. दिवे लागेपर्यंत त्यांचं चाललं होतं. आवाज चढला, उतरला, पुन्हा चढला. मध्येच आबासाहेबांनी जिना बांधताना पायऱ्यांची उंची चुकवली होती, यावर त्यांचं एकमत झालं. रंगावर झालं नाही.

दिवाळी त्याच जिन्यावर झाली. शालन आणि ऋतुजाने पायऱ्यांवर पणत्या मांडल्या, खालून एकीने सुरुवात केली, वरून दुसरीने. अंधारात रंग दिसत नव्हता. पाडव्याच्या सकाळी पृथ्वीराज जिना चढून वर गेला आणि थोड्या वेळाने रागाने खाली आला. त्याने निळसर सुचवला होता आणि भीमाशंकरने तो हाणून पाडला होता. भीमाशंकरने मग कॉफीचा सुचवला. पृथ्वीराज म्हणाला, कॉफी आणि चटणीत फरक काय? अजून ठरलेलं नाही. मल्लिनाथ मधे एकदा रस्त्याने जाताना थांबला. बजाबाईंनी त्याला चहा दिला. "घाई न्हाई," त्या म्हणाल्या.

परवा सकाळी पाणी आलं. गल्लीतल्या मोटारी सुरू झाल्या. बजाबाई पहिल्या पायरीवर बसून लसूण सोलत होत्या. पृथ्वीराज तोंडात ब्रश घेऊन अंगणात आला, आणि त्याच वेळी वरच्या कठड्यावरून पाण्याची धार सुटली. विटकरी भिंतीवरून ती सरळ खाली आली, सूत मारलेली रेघ ओलांडून राखाडीवर पसरली. पृथ्वीराजने मान वर केली. बजाबाईंची लसूण सोलणारी बोटं थांबली.

त्याने फेस थुंकला.

"दादा! टाकी!"

वर पावलं धावली. मोटार बंद झाली. भीमाशंकर बनियनवर कठड्याशी आला.

"किती आलं रे खाली?"

"खिडकीपर्यंत. आता पुन्हा डाग पडणार बघ."

"लगेच पुसून घे."

"तूच ये की पुसायला. वरचं पाणी ना?"

मग जिन्यावर चपला वाजल्या. भीमाशंकर जुना टॉवेल घेऊन खाली येत होता. शेवटच्या पायरीवर आई बसलेली होती, तिथे तो थांबला.

"आई, सरक जरा."

बजाबाईंनी लसणाचं ताट उचललं आणि पाय एका बाजूला घेतले.